लक्ष्म्यांच्या गोळ्या

त्र्याऐंशी मुलींनी भरलेले कागद मोहनराव सरांच्या टेबलावर होते आणि त्यांतल्या एक्काहत्तर कागदांवर नवव्या प्रश्नापुढं 'हो' अशी खूण होती. सरांनी ते दोनदा मोजले होते. तरी पौर्णिमा समोर येऊन बसल्यावर त्यांनी गठ्ठ्याच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि पानं भुर्रकन सोडली.

"मॅडम, एनएसएसच्या शिबिराला आपल्याकडं वीस पोरी येत नाहीत," ते म्हणाले. "आणि ह्याला एक्काहत्तर?"

पौर्णिमा वडवणीच्या त्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवायची, तासिका तत्त्वावर, अकरा वर्षं. नॅकची समिती यायची म्हणून प्रत्येक विभागानं एक तरी सर्वेक्षण करावं असा हुकूम निघाला, तेव्हा विद्यार्थ्यांना गर्भनिरोधनाची माहिती किती आणि वापर किती, हा विषय तिनंच सुचवला होता. प्रभारी प्राचार्य मोहनराव सरांनी तो न वाचताच सही करून दिला होता. वाचला असता तर दिला नसता, हे दोघांनाही आता कळत होतं.

नववा प्रश्न असा होता : 'पाळणा लांबवण्याच्या गोळ्या तुम्ही कधी घेतल्या आहेत का?'

"ह्यातल्या लग्न झालेल्या किती?"

"चार."

"म्हणजे बघा." सरांनी चष्मा काढला. "उद्या हा कागद कुण्या बापाच्या हातात पडला तर तो विचारायला येणार नाही मॅडम. तो नुसता येईल."

"कागदावर नावं नाहीत सर."

"आकडा आहे ना. आकड्याला कॉलेजचं नाव आहे." त्यांनी चष्मा परत लावला. "झाडं किती लावली, पाणी किती वाचवलं, असं घ्यायचं असतं. नवीन फॉर्म छापू. नववा प्रश्न काढून टाका."

"मला दोन दिवस द्या. काहीतरी चुकलंय ह्यात."

"तेच म्हणतोय मी. घ्या दोन दिवस. पण कुलपात ठेवा."

स्टाफरूममध्ये दुपारी कुणी नसायचं. पौर्णिमानं गठ्ठा सोडला आणि एकेक कागद वाचायला घेतला. मागल्या तीन महिन्यांत तिला कशाचाच उरक राहिला नव्हता. वाचायचं म्हटलं तरी ओळ डोळ्यांपुढून जायची आणि हाती काही लागायचं नाही. आज मात्र लागलं. दहावा प्रश्न होता, कधी आणि किती वेळा. उत्तरं अशी होती : 'लक्ष्म्याला.' 'लक्ष्म्याला व नवरात्रात.' 'ताईच्या हळदीला.' 'वर्षातून एकदा, आई देते.' एकीनं लिहिलं होतं, 'सत्यनारायणाला, पण उपयोग झाला नाही.'

विमलबाई चहाचे कप न्यायला आल्या. कॉलेजच्या शिपाईण, पन्नाशीच्या पुढच्या, मुलींच्या बाजूच्या सगळ्या किल्ल्या त्यांच्या कमरेला.

"विमलबाई, लक्ष्म्याला मुली गोळ्या घेतात?"

"मग? घेतल्याबिगर कसं भागंल?" त्यांना प्रश्नाचंच नवल वाटलं. "तीन दिवस सोवळं. फुलोरा, पुरणाचा सैपाक, सवाष्णी. आन् नेमकी त्याच वक्ताला पाळी आली तर घरभर शिवाशीव. आमचे मालकच आणून देत्यात की सुनंला. किराणाच्या यादीतच लिवलेल्या आसत्यात. गूळ, चनाडाळ, चहाची पुडी, आन् पाळी लांबवायच्या गोळ्या." मग त्यांना काहीतरी आठवलं. "तुमच्यात न्हाई का घेत? हां. तुमच्यात लक्ष्म्या बसत न्हाईत, न्हाई का."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्या कप घेऊन गेल्या.

बसत नव्हत्या. पौर्णिमाच्या आजोबांनी छप्पन सालानंतर लक्ष्म्यांचे मुखवटे घरातून काढले ते काढलेच. पाळी पुढं ढकलायची गोळी असते हे तिनं ऐकलेलं होतं. पण दर भाद्रपदात, गौरी-महालक्ष्म्यांच्या आधी, ती गुळाच्या ढेपेबरोबर घरोघर येते, बाप आणतो, आई देते, हे तिला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पाळी लांबवायची गोळी. तिनं विचारलं होतं पाळणा लांबवण्याची.

पाळणा हा शब्द तिच्या आईचा होता. भामाबाई एकतीस वर्षं नर्स होत्या, त्यातली बरीचशी धारूरच्या घाटावरल्या उपकेंद्रात. कुणाच्या अंगणात बसून त्या गर्भनिरोधक वगैरे कधी म्हणाल्या नाहीत. 'पाळणा लांबव बाई, आंग भरून येऊ दे,' एवढंच म्हणायच्या. कॉपर टी म्हणजे तांबी, आणि गोळी म्हणजे पाळणा लांबवायची गोळी. फॉर्म करताना पौर्णिमानं आधी 'गर्भनिरोधक' असंच लिहिलं होतं. मग ते खोडून आईचा शब्द घातला. मुलींना सोपा जाईल, असं तिनं स्वतःला सांगितलं. खरं एवढंच होतं की आई जूनमध्ये गेली, पुण्यानुमोदनाच्या पत्रिकेत नाव आणि दोन तारखांपलीकडं काही मावलं नाही, आणि तिचं काहीतरी कुठंतरी छापलेलं असावं असं पौर्णिमाला वाटलं होतं.

आजच्या पोरींना तो शब्द कुठला माहीत असायला. पाळण्याची त्यांनी पाळी केली.

हसण्यासारखं होतं, आणि तिला थोडं हसूही आलं. मग शेचाळीस नंबरचा कागद हाताला लागला.

नवव्या प्रश्नाला 'हो'. दहाव्याला, बारीक, डावीकडं झुकलेल्या अक्षरात : 'भेटल्यावर. प्रत्येक वेळी तीन दिवस. घरातल्या उरलेल्या.' आणि अगदी शेवटी, 'काही शंका असल्यास' म्हणून सोडलेल्या दोन रेघांवर, जिथं बाकी ब्याऐंशी जणींनी काहीच लिहिलं नव्हतं : 'गोळी बंद केल्यावर किती दिवसांनी येते? मला आली नाही.'

पौर्णिमानं तो कागद पालथा ठेवला. मग सुलटा करून पुन्हा वाचला. त्र्याऐंशी जणींत एक पोरगी अशी होती की जिला आपण गोळी घेतो म्हणजे निर्धास्त आहोत असं वाटत होतं. अजूनही वाटत असेल. ती पाळीची वाट बघत बसली असेल, आणि तिचे दिवस भराभर जात असतील.

ती कोण हे कळणं अवघड नव्हतं. कागदावर वर्ष लिहिलेलं होतं, तिसरं, आणि तिसऱ्या वर्षाच्या ट्यूटोरियलच्या वह्या स्टाफरूमच्या कपाटातच होत्या. अक्षर जुळवायला दहा मिनिटं पुरली असती. पौर्णिमानं वह्यांचा गठ्ठा बाहेर काढला. पण कागद वाटताना तिनंच सांगितलं होतं, नाव लिहू नका, कुणी शोधणार नाही. आणि आई अशा वेळी काय करायची हेही तिनं पाहिलेलं होतं. एखाद्या बाईचं काही कानावर आलं तर आई त्या बाईच्या दाराशी कधी जायची नाही. ती गल्लीतल्या भलत्याच ओट्यावर बसायची, पाणी मागायची आणि सगळ्या गल्लीला सांगायची. 'समद्यांला सांगायचं. जिचं हाय ती ऐकती.'

तिनं गठ्ठा परत आत ठेवला.

दुसऱ्या दिवशी चार नंबरच्या हॉलमध्ये सगळ्या मुली बसल्या. पौर्णिमा उभी राहिली आणि म्हणाली, "नववा प्रश्न मी चुकीच्या शब्दांत विचारला. चूक माझी आहे, तुमची नाही." मग तिनं सांगितलं. लक्ष्म्याला घेता ती गोळी पाळी पुढं ढकलते. तिनं दिवस जायचे राहत नाहीत. आधी घ्या, नंतर घ्या, तीन दिवस घ्या नाहीतर तेरा. दिवस जाऊ नयेत म्हणून असते ती गोळी वेगळी, ती पाकिटावर लिहिल्याप्रमाणं घ्यायची असते, उपकेंद्रात फुकट मिळते. निरोधही मिळतात. आणि कुणाला दिवस गेल्याची शंका असेल तर थांबून राहू नये, कारण पहिल्या काही आठवड्यांत दवाखान्यात सोपं असतं, पुढं अवघड होत जातं. अठरा पूर्ण झालेल्या मुलीला तिथं दुसऱ्या कुणाची सही लागत नाही. लग्न झालेलं असो नसो.

कुणी पेनाचं टोपण काढत होतं, लावत होतं.

"मॅडम," मागून आवाज आला, "हे परीक्षेला आहे का?"

सगळ्या हसल्या. "पेपरात नाही," पौर्णिमा म्हणाली. "माझी धारूरची गाडी सव्वाचारची आहे. साडेतीनपासून मी स्टँडवर असते, रसवंतीसमोरच्या शेवटच्या बाकावर. कुणाला काही विचारायचं असेल तर बाजूला जागा असते."

ती त्या दिवशी बसली. कुणी आलं नाही.

घरी गेल्यावर तिनं आईचं कपाट उघडलं. तीन महिन्यांत ते तिनं उघडलं नव्हतं. खालच्या फळीवर आईची कामावरची पिशवी होती, निवृत्तीनंतरही बायका दारात यायच्या म्हणून भरून ठेवलेली. कापूस, हातमोजे, माला-एन गोळ्यांची पाकिटं, निश्चय किट एक. दिवस गेलेत का ते घरच्या घरी बघायचं ते सरकारी किट. त्याची मुदत संपून पाच महिने झाले होते. किट बदलायचं ध्यान राहिलं नाही, म्हणजे तेव्हाच आईचं बरं नव्हतं. पौर्णिमा ते हातात धरून बराच वेळ जमिनीवर बसून राहिली.

सकाळी वडवणीत उतरल्यावर ती मेडिकलवर गेली. अडतीस वर्षांची, बिनलग्नाची, त्र्याऐंशी पोरींना भर हॉलमध्ये निरोध सांगितलेली बाई. पण काउंटरशी उभी राहिली तर आधी तिनं खोकल्याचं औषध मागितलं. मग किट मागितलं. दुकानदारानं वर न बघता ते पेपरात गुंडाळलं, पेपर काळ्या पिशवीत घातला, पिशवीला गाठ मारली.

"सर्वेसाठी का मॅडम?"

"हो," ती म्हणाली.

दुसऱ्या दुपारी बाकावर एक मुलगी आली. पौर्णिमा सरकून बसली. मुलीला अंतर्गत गुणांबद्दल विचारायचं होतं. त्या संध्याकाळी पौर्णिमानं वह्यांचा गठ्ठा घरी नेला आणि टेबलावर ठेवला. एक दिवस म्हणजे एक दिवस असतो. आईचं म्हणणं गल्लीत खरं ठरायचं. तिथं आई दर आठवड्याला पुन्हा जायची. गठ्ठ्याची सुतळी तिनं सोडली, आणि न उघडता पुन्हा बांधली. उद्याचा दिवस बघायचा, तिनं ठरवलं, मग उघडायचा.

तिसऱ्या दिवशी पावणेचारला स्वप्नाली आली. तिसऱ्या वर्षाची, जवळच्याच एका वस्तीवरची, पोलीस भरतीची तयारी करणारी. ड्रेसवरसुद्धा पळायचे बूट घालायची. तिनं दोघींच्या मध्ये स्वतःची सॅक ठेवली आणि समोर बघत बसली.

"गाडी लागली का मॅडम?"

"अजून अर्धा तास आहे."

"हां." थोड्या वेळानं ती म्हणाली, "ते तुमी म्हणलात. गोळीचं. समद्यांचं तसंच आसतं का? कुणाला चालत पण आसंल."

"कुणालाच चालत नाही."

स्वप्नालीनं मान हलवली. "माझ्या मैत्रिणीचं हाय."

"बरं. मैत्रिणीला शेवटची कधी आली होती?"

"जुलैच्या एकवीस तारखेला आलती." तारीख तिच्या तोंडावर होती. "मैत्रिणीला वाटलं, गोळ्यांनीच लांबली आसंल. ह्या साली लक्ष्म्याला गोळी घ्यावीच लागली न्हाई. आई समद्या आळीला सांगत होती, आमच्या पोरीवर लक्ष्मीचा हात हाय, आपोआप पुढं गेली. पुरणाला बसवलं. आरतीचं ताट पण मलाच दिलं."

"मैत्रिणीला," पौर्णिमा म्हणाली.

"मैत्रिणीला," स्वप्नाली म्हणाली आणि बुटांकडं बघायला लागली.

एक गाडी लागली, माणसं खिडक्यांतून रुमाल टाकून जागा धरायला लागली, गाडी गेली.

"ती गोळी चालते असं तुला कावून वाटलं गं?" पौर्णिमाच्या तोंडून घरातली भाषा निघाली.

"पाळीच बंद म्हणल्यावर..." स्वप्नालीनं खांदे उडवले. "कारखानाच बंद आसल्यावर ऊस कोण घेतंय, आसं वाटलं."

पौर्णिमाला हसू आलं, आणि त्याच वेळी फार थकल्यासारखं झालं. "आणि तो? मेडिकलमधून काही आणत नव्हता?"

"सुरज? उमापूरचा हाय तो, बीडला भरतीच्या ॲकॅडमीत आसतो. तिथल्या मेडिकलवर त्याच्या चुलत्याचा दोस्त बसतो."

"बीडमध्ये एकच मेडिकल आहे?"

"दुसऱ्यात माझा मामा हाय." मग ती हळू म्हणाली, "मीच म्हणलं त्याला, घरात गोळ्या आसत्यात. लक्ष्म्याच्या उरलेल्या. त्या कुणी मोजत न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी, तास सुरू व्हायच्या आधी, पौर्णिमानं विमलबाईंकडं मुलींच्या बाजूच्या बाथरूमची किल्ली मागितली. विमलबाईंनी तिच्याकडं पाहिलं, मागं भिंतीला टेकून उभ्या असलेल्या स्वप्नालीकडं पाहिलं, आणि किल्ली काढून दिली. "टाकीत पाणी हाय," एवढंच त्या म्हणाल्या, आणि बादली घेऊन व्हरांड्याच्या तोंडाशी फरशी पुसत बसल्या. ती फरशी आधीच पुसलेली होती.

किटवर दोन रेघा आल्या.

"दोन म्हंजी?" स्वप्नालीनं विचारलं. तिला उत्तर माहीत होतं.

"दिवस गेलेत." पौर्णिमानं विचारलं, "तुला काय करायचंय? सुरजला नाही, आईला नाही. तुला."

"नोव्हेंबरात भरतीचं ग्राउंड हाय मॅडम. आठशे मीटरला मला तीन मिनिटं लागत्यात. धा सेकंद कमी करायचेत." ती भिंतीकडं बघून बोलत होती, धडा म्हणून दाखवावा तशी. मग ती वळली. "मला नको हाय. आन् घरी कळलं तर ग्राउंड पण न्हाई आन् कॉलेज पण न्हाई. सोळाव्यालाच बघायला आलते मला. बाबांनी परत लावले, म्हणाले, पळू द्या पोरीला."

"मग उद्या बीडला जाऊ."

घरी सर्वेक्षणाच्या कामाचं सांगायचं ठरलं, मॅडमकडं धारूरला दोन-तीन दिवस मुक्काम. ते अगदीच खोटं नव्हतं.

सरकारी दवाखान्यात ओळ होती. पौर्णिमा केसपेपर काढून बाकावर बसली. स्वप्नाली बसली नाही, उभीच राहिली, एका पायावरून दुसऱ्या पायावर होत. डॉक्टर तरुण होत्या आणि त्यांचीही झोप झालेली दिसत नव्हती. त्यांनी आधी स्वप्नालीला एकटीलाच आत घेतलं. सोनोग्राफी झाली. आठवा आठवडा लागला नव्हता अजून. गोळ्यांनी होईल, त्या म्हणाल्या. मग पौर्णिमाला बोलावलं.

"सही कुणाची?" स्वप्नालीनं विचारलं. हा प्रश्न तिनं गाडीत तीनदा विचारला होता.

"तुझी," डॉक्टर म्हणाल्या, आणि पेन तिच्याकडं सरकवलं.

तिनं सही केली. बारीक, डावीकडं झुकलेलं अक्षर. पौर्णिमानं ते पाहिलं आणि नजर दुसरीकडं नेली. एक गोळी तिथंच दिली. बाकीच्या दोन दिवसांनी घ्यायच्या. काय होईल, किती जाईल, कधी घाबरून लगेच यायचं, हे डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं आणि पंधरा दिवसांनी परत दाखवायला सांगितलं. तेव्हा पुढचंही बोलू, त्या म्हणाल्या. गोळी का तांबी, तुला काय झेपतं ते.

परतीच्या गाडीत दोघींना मागची जागा मिळाली. धारूरच्या घरात दोन खाटा होत्या. एकीवर जूनपासून कुणी झोपलं नव्हतं. पौर्णिमानं सकाळी निघताना तिच्यावर धुतलेली चादर घातली होती. गाडी घाटाच्या बाजूला वळली तसं वारं लागायला लागलं. स्वप्नालीनं खिडकी ओढून घेतली.

"सरांनी काल नवीन फॉर्म दिले वर्गात," ती म्हणाली. "नववा प्रश्नच न्हाई त्यात. आठच्या पुढं डायरेक दहा हाय."

"नंबर बदलायला विसरले असतील."

"दहाव्याला समद्यांनी 'लागू नाही' लिवलं. मी पण." तिनं सॅक मांडीवर ओढून घेतली. "मॅडम, पहिल्या फॉर्मवर पाळणा आसं होतं ना? आमाला वाटलं, टायपिंग चुकलंय. समद्या जणींनी दुरुस्त करून वाचलं."

"चुकलं नव्हतं," पौर्णिमा म्हणाली. "माझी आई नर्स होती. ती असंच म्हणायची. पाळणा लांबवणे. दोन लेकरांत अंतर ठेवायचं, नाहीतर पहिलंच लेकरू उशिरा होऊ द्यायचं, त्याला."

स्वप्नालीनं तो शब्द तोंडात घोळवून पाहिला. "लांबवायचा," ती म्हणाली. "मोडायचा न्हाई."

"नाही. लांबवायचा."

"कुठं आसत्यात त्या आता?"

कंडक्टर तिकिटं तपासत जवळ आला होता. पौर्णिमानं पर्समधून दोन्ही तिकिटं काढून त्याला दाखवली, परत ठेवली.

"जूनमध्ये गेली," ती म्हणाली.

पुढच्या वळणावर गाडी हेलपाटली तेव्हा स्वप्नालीनं मांडीवरची सॅक उचलून खाली पायांशी ठेवली आणि पौर्णिमाच्या बाजूला सरकून बसली. थोड्या वेळानं तिला झोप लागली.